डावी, उजवी

९ मार्च २०२५, रविवार

या वहीची पहिली चौदा पानं माझ्या मुलीच्या, संयोगिताच्या अक्षरात आहेत. तारीख, वेळ आणि पुढे ‘दिलं’. ह्यांच्या पोटातल्या कॅन्सरचं दुखणं वाढलं तेव्हा ती मिरजेच्या दवाखान्यातून रजा काढून इथे आष्ट्याला घरी आली. नर्स असल्यामुळे दुखणं मारायची सुई तीच द्यायची, एकदा उजव्या मांडीत, एकदा डाव्या, आणि इथे टिपून ठेवायची. शेवटची नोंद १९ ऑक्टोबर, सकाळी आठ. त्याच दिवशी साडेदहाला हे गेले. पुढची पानं कोरी आहेत.

पूर्वी मी ह्यांना पत्र लिहायचे. माझी शाळा चौथीत सुटली होती. लग्नानंतर ह्यांचं पहिलं पत्र पोस्टमननेच दारात वाचून दाखवलं, आणि मी चार दिवस त्याच्यासमोर गेले नाही. मग दिराच्या मुलांची पुस्तकं घेऊन पुन्हा अक्षरं जुळवली. तेव्हापासून वाचनालयातलं पुस्तक असो की भेळ बांधून आलेला कागद, वाचल्याशिवाय सोडत नाही. आता पत्र घालायला पत्ता नाही, म्हणून ही वही.

हे गेले तेव्हा मी जवळ नव्हते. मागे तोंड धुवायला गेले होते.

आज ह्यांची काळी फौजी ट्रंक उघडून डांबराच्या गोळ्या बदलल्या. उरलेल्या इंजेक्शनचं खोकं आतच आहे. सोळा बारक्या काचेच्या बाटल्या. टाकून द्यायला हव्यात. पण ह्यांच्यासाठी आणलेलं आहे, राहू दे ह्यांच्या सामानात.

१६ मार्च, रविवार

संयू सुट्टीला आली. आली ती झोपली. उठली तेव्हा खपली गव्हाची खीर दिली, दोन चमचे खाऊन वाटी सारली. सारखी नाक खाजवते. रक्त कमी झालं असणार. सोडचिठ्ठी झाल्यापासून ही मुलगी कामातच बुडून आहे, त्यात बाप गेला.

दुपारी दोनला शेजारची अंबूबाई मिश्री लावायला आली. आम्ही दोघी रोज मागच्या पायरीवर बसतो. संयू दाराशी उभी होती.

“आवं सिस्टर, एवढ्या उन्हात मनगटापातूर बाह्या?” अंबूबाई म्हणाली.

“दवाखान्यात एसी असतो काकू. सवय झाली.”

“आमचा एसी ह्यो लिंब. बटन न्हाई, पर बिल बी न्हाई. मने, पेपरात काय आलंय?”

मी वाचून दाखवलं. कुठे नशेची पावडर धरली होती, कुठे गोळ्या. एका जिमच्या मुलांकडे सुया सापडल्या होत्या. हल्ली आठवड्यातून एकदा तरी असली बातमी असतेच, आणि गावांची नावंही ओळखीची निघायला लागली आहेत.

“कसली पोरं म्हणायची ही,” अंबूबाई तोंडातला फेस थुंकून म्हणाली. “आयबापाचं ध्यान न्हाई, दुसरं काय.”

मी म्हटलं, “आमच्या घरात सुपारीचं खांड न्हाई. हे तर फौजेतली बाटली बी दुसऱ्याला देऊन टाकायचे.” आणि डबीतून अजून एक चिमूट घेतली.

संयू आत निघून गेली. बाप आठवला असेल.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढीशेजारी ह्यांची पदकं ठेवावीत म्हणून ट्रंक उघडली. खोकं हलकं लागलं. आत चारच बाटल्या.

संयूला विचारलं. म्हणाली, “तारीख संपली होती आई. घरात ठेवू नये असलं. मी थोडं थोडं नेऊन टाकते.”

“मग ह्या चार?”

“आज नेते.”

मला ते बाहेर काढवलं नसतं, तिने परस्पर काढलं. बरं झालं. बारीकसारीक गोष्टीत लक्ष असतं तिचं, बापासारखं.

१८ एप्रिल, शुक्रवार

काल अकरा वाजता मिरजेहून फोन आला. संयूला चक्कर आली आहे, बीपी कमी झालंय, या. एसटीत उभी राहून गेले.

तिला ऑक्सिजन लावला होता. तिच्या वॉर्डातल्या मोठ्या विनोदिनी सिस्टर मला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेल्या. “मावशी, तुम्हाला बीपी सांगितलंय ना? तसं नाही. ती बाथरूममध्ये सापडली. ओठ निळे पडले होते, श्वास थांबला होता. आणखी पाच मिनिटं गेली असती तर मी तुम्हाला वेगळा फोन केला असता.”

मी विचारलं, “कशानं?”

“इंजेक्शन घेते ती. दुखण्याचं. किती महिने, ते तीच सांगेल. पेशंटला अर्धं द्यायचं, अर्धं स्वतः घ्यायचं. आम्हाला संशय होता. मी आधीच बोलायला हवं होतं.” त्या रडत होत्या. मला रडू आलं नाही. मी टाकीच्या नळाकडे बघत होते, तो नीट बंद केलेला नव्हता.

परत येऊन तिची बाही वर केली. दंडापासून मनगटापर्यंत ठिपके, काही ठिकाणी गाठी. लहानपणी गोवर आला होता तेव्हा मी असेच तिचे हात बघत बसले होते.

दवाखान्याने पोलिसात न जायचं कबूल केलं आहे. राजीनामा घेतला. उपचार घ्यायचे ही अट घातली.

त्या पेशंटांचं मनातून जात नाही. कुणाकुणाची आई, कुणाचा नवरा तसाच कण्हत राहिला असेल. माझ्या मुलीमुळे.

२१ एप्रिल, सोमवार

घरी आणलं आहे. साताऱ्याच्या पुढे एक केंद्र आहे, तिथे बायकांची वेगळी सोय आहे. परवा जागा होईल. तोपर्यंत मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, तरी तिचे हाल बघवत नाहीत. अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून पाणी, पाय झाडते.

मी विचारलं, “काय कमी पडलं गं तुला?”

“काही नाही. तेच तर.”

“मग?”

“आई, तू विचारतेस ना, त्याचं उत्तर मला आलं असतं तर मी घेतलंच नसतं.”

मला हे बोलणं कळत नाही. नको वाटलं की माणूस सोडतो. एवढी शिकलेली मुलगी.

२३ एप्रिल, बुधवार

कराडवरून गेलो. केंद्र लहान आहे, बायकांच्या खोलीत सहा खाटा. एक मास्तरीण आहे, झोपेच्या गोळ्यांची. एक नवी सून आहे, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या प्यायची. मला वाटलं होतं अशा जागी वेगळी माणसं असतील. सगळ्या बसथांब्यावर भेटतात तशाच.

भार्गवी नावाची वाईची मुलगी समुपदेशक आहे. तिने फॉर्म दिला. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच भरला. ‘घरात इतर कोणाला व्यसन आहे का?’ तिथे मी ‘कोणालाही नाही’ असं ठळक लिहिलं, खाली रेघ ओढली.

मग दारावरच्या बाईने माझी पिशवी तपासली आणि डबी काढून बाजूला ठेवली. “आजी, तंबाखू आत चालत न्हाई.”

“तंबाखू कुठं हाय? मिश्री हाय ती. दातासाठी.”

“तंबाखूच भाजलीया की वं. आमची आय बी लावायची.”

“आवं, लावल्याशिवाय पोट साफ होत न्हाई माझं.”

मागे संयू उभी होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. भार्गवीने फॉर्मकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला त्या मुलीचा राग आला. चाळीस वर्षं मिश्री लावते. कुणाच्या घासातला घास काढून लावलेली नाही.

४ मे, रविवार

भेटीचा पहिला दिवस. संयूचा चेहरा थोडा भरला आहे. पण तोंड कडू झालंय. मी म्हटलं, “आता मनावर घे. निश्चय केला की सुटतं.”

“तू सोड की मिश्री.”

“त्याचा इथं काय संबंध?”

“माझा दात दुखला की तूच बोटानं लावायचीस. पहिलीत होते मी. डोकं गरगरायचं, आणि दुखणं कळायचं नाही. काय भारी वाटायचं.”

“सगळ्या आया लावत होत्या तवा.”

“लावू देत. तू चार दिवस सोडून दाखव. मग मला निश्चय सांग.”

मी म्हटलं, त्यात काय, आज सोडली. येताना उरमोडीच्या पुलावरून डबी खिडकीतून फेकली. पितळी डबी होती, सासूबाईंची.

५ मे, सोमवार

डोकं दुखतंय.

६ मे, मंगळवार

डोकं. पोट साफ नाही. अंबूबाई दोनला आली तेव्हा मी दार उघडलं नाही. ती बाहेरून म्हणाली, “मने, मेलीस का काय?” मी आतून म्हटलं, “मेल्यावर सांगीन.” ती गेल्यावर वाईट वाटलं.

पुस्तक घेऊन बसले, एकच पान तीनदा वाचलं. जिभेचं टोक सारखं दाढेकडे जातं.

७ मे, बुधवार

हे लिहायचं नव्हतं.

मिश्री भाजायचा जुना तवा न्हाणीच्या मागे पालथा पडलेला असतो. दुपारी दोनला मी तो उलटा केला आणि त्याच्या कडेची जळकी पूड नखाने खरवडून काढली. त्यात मुंग्या होत्या. फुंकून टाकल्या. कोपऱ्यात उभं राहून लावली. अंगणात कुणी नव्हतं तरी दोनदा वळून बघितलं. मग हात राखेने घासला, चूळ भरली, तवा होता तसा पालथा ठेवला.

पाचला केंद्रातून संयूचा फोन. “काय झालं मिश्रीचं?”

“चौथा दिवस. एकदा बी न्हाई.”

“खरंच? शाबास आई.”

इतक्या सहज बोलले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

१२ मे, सोमवार

आज ही वही मागे उलटली. का, ते सांगता येत नाही. बुधवारपासून ते ‘एकदा बी न्हाई’ कानात आहे.

संयूची चौदा पानं नीट वाचली. आधी कधी वाचली नव्हती, नुसती बघितली होती. ‘सकाळी ८. दिलं. उजवी.’ ‘दुपारी २. दिलं. डावी.’ बाजू लिहिलेली असते, म्हणजे पुढची सुई दुसऱ्या मांडीत द्यायचं लक्षात राहतं. ओळीने असंच आहे. मग २ ऑक्टोबर. ‘दुपारी २. दिलं.’ पुढे काही नाही. त्याच्यापुढची उजवी आहे, आणि त्याच्या आधीची डावी. मधल्या सुईला मांडीच नाही.

२ ऑक्टोबर मला पक्का आठवतो. गांधी जयंती, दुकानं बंद होती. त्या दुपारी ह्यांनी उशीचा अभ्रा दातात धरला होता आणि पलंगाची लोखंडी पट्टी इतकी घट्ट पकडली होती की मला बोटं सोडवता आली नाहीत. बेचाळीस वर्षांत मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी संयूला विचारलं होतं, “सुई लागू होत न्हाई का गं?” ती म्हणाली होती, “शरीर सरावलंय आता, आई.”

पुढे शोधलं. बाजू नसलेल्या ओळी नऊ आहेत.

नऊच्या नऊ दुपारच्या, मी पायरीवर असायचे त्या वेळच्या.

१८ मे, रविवार

भेटीचा दिवस होता. गेले नाही. फोन वाजला, घेतला नाही.

पेशंटांची दया आली होती मला. कुणाचा तरी नवरा, असं या वहीतच लिहिलं आहे.

२५ मे, रविवार

आजही गेले नाही. अंबूबाई भाकरी घेऊन आली. तिला फक्त एवढंच सांगितलं की संयूला आता घरात घेववणार नाही.

“का गं? पोरगी मरता मरता राहिली.”

“तिनं काय केलंय ते तुला म्हाईत न्हाई.”

“नसू दे. मला कशाला पायजे. तू काय करायचं ठरवलंयस?”

“तिथंच राहू दे. आणि कुठं जायचं तिकडं जाऊ दे.”

 अंबूबाईने कनवटीची पुडी काढून माझ्यापुढे धरली. “घे. कवाधरनं गालात जीभ फिरवतीयास.”

मी घेतली. दोघी पायरीवर बसून लावत होतो. कुठे तरी उसाला पाणी चालू होतं, मोटारीचा आवाज येत होता. आणि तोंडात फेस असताना, बोट दाढेवर असताना, मला ते ऐकू आलं. पुन्हा.

१९ ऑक्टोबरला सव्वादहाला मी याच पायरीवर होते. तोंड धुवायला, असं सगळ्यांना सांगितलं. संयूला सांगितलं, दहाव्याला आलेल्या माणसांना सांगितलं, या वहीतसुद्धा माझ्या पहिल्याच पानावर लिहिलं. मी मिश्री लावत होते. संयू मेडिकलमध्ये गेली होती. हे एकटे होते. ह्यांनी हाक मारली. “मनू.” थोड्या वेळाने पुन्हा, “मनू.”

मला दोन्ही हाका ऐकू आल्या होत्या. मला वाटलं, एवढं लावून होऊ दे.

२७ मे, मंगळवार

नऊ दुपारी तिच्या. एक सकाळ माझी. दोन दिवस तेच घोळवते आहे. तिचं मोठं, माझं लहान, असं म्हणून बघितलं. खरंच आहे ते. तरी झोप लागली नाही.

१ जून, रविवार

साताऱ्याला गेले. वही पिशवीत घेतली. दारावरच्या बाईला पुडी आपणहून काढून दिली.

संयू बाकावर बसली होती. माझ्याकडे बघेना. मी शेजारी बसले. बोलायचं काय ते गाडीत ठरवलं होतं, ते सगळं गेलं.

तीच म्हणाली, “आई, इथं सांगावं लागतं. सगळं. मी भार्गवीताईंना सांगितलंय, आता तुला सांगायचंय. आण्णांच्या सुया...”

“नऊ,” मी म्हटलं.

 वहीकडे बघितलं तिने. मग म्हणाली, “अकरा.”

“नऊ हायत. मी मोजल्यात.”

“दोनदा मी बाजू खोटी लिहिली.”

तेव्हा मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. पाठीत, जोरात. ती हलली नाही. भार्गवी दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मग माझा हात तिच्या पाठीवरच राहिला.

ती म्हणाली, “ते ओरडायचे आणि मी आतल्या खोलीत बसून म्हणायचे, पुढची नक्की देते. पुढची द्यायचे पण. मला वाटायचं मी देतेय की.”

मग मी माझं सांगितलं. दोन हाका. एवढं लावून होऊ दे. मे महिन्यातला तवा, नखं, मुंग्या, फोनवरचं खोटं, सगळं. ती ऐकत होती. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही म्हणाले नाही. कुणी कुणाला करायचं. निघताना तिने विचारलं, “मग मी कुठं जायचं, इथनं सुटल्यावर?”

“आष्ट्याला. दुसरं घर हाय का तुला?”

ऑफिसात जाऊन भार्गवीकडून तो फॉर्म मागून घेतला. ‘कोणालाही नाही’ वर काट मारली. लिहिलं, ‘आई. मिश्री. चाळीस वर्षे.’ तिने विचारलं, “मावशी, सोडायचीय का?” मी म्हटलं, “सोडायचीय असं म्हणायला येतं मला. सोडायला येत न्हाई.” ती म्हणाली, रोज लिहून काढा, किती वेळा, कधी. बाकी काही नको, फक्त खरं.

८ जून, रविवार

सकाळी सहा. लावली. उजवीकडे.
दुपारी दोन. लावली. डावीकडे.
संध्याकाळी सहा. लावली. उजवीकडे.

१९ जून, गुरुवार

सकाळी सहा. लावली. डावीकडे.
दुपारी दोन. नाही. अंबूबाई रागावून गेली.
संध्याकाळी सहा. लावली. दोन्हीकडे.

२९ जून, रविवार

संयूला घेऊन आले. आखूड बाह्यांचा कुडता घालून आली. एसटीत शेजारच्या बाईने हाताकडे बघितलं तरी तिने झाकला नाही. भार्गवी म्हणाली की यातली बरीच माणसं पुन्हा घसरतात, पहिले सहा महिने वाईट. हे तिने संयूसमोरच सांगितलं.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडी टाकली. बघ म्हटलं, आत काय काय आहे ते. कपडे, पदकं, माझी पत्रं. तिने बघितलं आणि झाकण लावलं.

३० जून, सोमवार

सकाळी सहा. नाही.
दुपारी दोन. लावली. डावीकडे.

चारला वही उघडली तर माझ्या ओळीखाली संयूचं अक्षर. ‘सकाळी ८. घेतलं नाही. दुपारी २. घेतलं नाही. फार मन झालं.’

न घेतलेल्या सुईला डावी-उजवी नसते. मी ते दोनदा वाचलं. ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती, जरा जास्तच आवाज करत. मी हाक मारली नाही. वही तिला सापडेल अशी, टेबलावरच ठेवली.

संध्याकाळी सहा. लावली. उजवीकडे.